रस्त्यावर कुणी वाट दिली तर सायकलवरून आभार कसे मानायचे?

हळदीचा हिशेब (सांगली) · रविवार, ११ जानेवारी, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्याच्यापायी काल पडता पडता वाचले, म्हणून विचारते.

मी विश्रामबागला राहते. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात गेली २१ वर्षं वह्या लिहिते. वय ५२. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्याची गिअरची सायकल जिन्याखाली पडून राहिली. "आई, विकून टाक" म्हणाला. विकली नाही, मीच चालवायला लागले. पंजाबी ड्रेसवर हेल्मेट घालून निघाले की पहिले पंधरा दिवस कॉलनीतल्या बायका गॅलरीत यायच्या. आता येत नाहीत.

रोज सकाळी सहाच्या आत बाहेर. सांगली, आयर्विन पूल, सांगलवाडी, तिथून पेठ रस्त्यानं कसबे डिग्रजपर्यंत आणि परत. आयर्विन १९२९ सालचा, जड वाहनांना बंद, त्यामुळे पुलावर फिरायला येणारी माणसं, दूधवाले आणि मी. पावसाळ्यात पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की अर्धी सांगली कठड्याला टेकून उभी असते. तेव्हा मी उतरते आणि सायकल हातात धरून चालते. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यानं बघितलंय, तो नदीकडं बघत असताना त्याच्या पाठीमागं घंटी वाजवणं मला बरं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. सवयीनं मी याचीही वही ठेवलीय. कुणी थांबून वाट दिली, हळू झालं, लाईट खाली केली, की जमा. कुणी कट मारला, कानाशी हॉर्न वाजवला, की नावे. दिवाळीपासून ४१ नोंदी झाल्यात. २९ जमा, १२ नावे. बारांतल्या सात वडापवाल्यांच्या (खासगी प्रवासी जीपवाल्यांच्या) आहेत, त्यात कुणाला आश्चर्य वाटायचं कारण नाही. उसाचे ट्रॅक्टर मात्र झाडून सगळे जमेच्या बाजूला. ज्यांची सगळ्यात भीती वाटते तेच सांभाळून घेतात, हे मला वही बघूनच कळलं.

काल सव्वासहाला डिग्रजच्या अलीकडं दाट धुकं. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस शिगोशीग, टेपवर गाणी. मी मागं मागं चालले होते. ड्रायव्हरनं उजवा हात बाहेर काढून दोन-तीनदा हलवला. मी समजले, जा म्हणतोय. गेले. अर्ध्यावर असताना समोरून दुधाचा टेम्पो आला, त्यानं डिप्पर मारला, मी जेमतेम ट्रॅक्टरच्या पुढं शिरले. आता एवढी वाट दिली तर आभार मानायला नकोत का? म्हणून डावा हात वर केला. नेमका तिथं खड्डा. हँडल असं फिरलं की पाय जमिनीला लागला. आणि मागून त्यानं हॉर्न दाबला तो चांगला पाच सेकंद सोडलाच नाही.

तो हॉर्न 'असू दे असू दे' होता की शिवी होती, हे अजून कळलेलं नाही. नोंद पेन्सिलीनं करून ठेवलीय.

तर प्रश्न: दोन्ही हात हँडलवर असताना आभार कसे मानायचे? तुम्ही काय करता?

---

कासचा रविवार (सातारा) · ११ जानेवारी, ११:१५

काकू, सलाम तुम्हाला. मी सरळ अंगठा दाखवतो. हँडलवरची पकड न सोडता नुसता अंगठा वर. यवतेश्वर घाट चढताना श्वास लागलेला असतो, तोंडातून शब्द निघत नाही, तेव्हा अंगठा फार कामाला येतो. फुलांच्या दिवसात शनिवार-रविवारी कासला गाड्यांची रीघ असते, त्यातले चार जण तरी वळणावर मागं थांबतात. प्रत्येकाला अंगठा.

---

डबल बेल (सातारा) · ११ जानेवारी, दुपारी २:०५

कासचा रविवार, अंगठा तुमच्या मोबाईलमध्ये चांगला. माझ्या वयाच्या ड्रायव्हरला तो ठेंगा दिसतो. त्यानं वाट द्यायची आणि तुम्ही ठेंगा दाखवायचा!

ताई, मी एसटीत ३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी वाई-पाचगणी-महाबळेश्वर. तुमच्या प्रश्नाच्या आधी मला एक प्रश्न आहे. त्या ड्रायव्हरचा तळहात कुठं होता?

हे विचारायचं कारण असं. लायसन काढताना हाताच्या खुणा शिकवतात, मग सगळे विसरतात. हात बाजूला आडवा, तळहात जमिनीकडं आणि वरखाली, म्हणजे मी हळू करतोय. हात आडवा काढून मागून पुढं अर्धगोल फिरवला, म्हणजे तू पुढं जा. कोपरातून हात उभा धरला, म्हणजे मी थांबतोय. धुक्यात आणि अंधारात पहिली आणि दुसरी खूण सारखीच दिसते, आणि दोन्हींचा अर्थ उलटा. इंडिकेटरचंही तेच. कुणी उजवा इंडिकेटर 'जा' म्हणून देतो, कुणी खरोखर उजवीकडं वळायला. मी नव्या पोरांना सांगायचो, दुसऱ्यानं 'जा' म्हटलं म्हणून जायचं नाही, आपल्याला रस्ता दिसला तर जायचं. टक्कर झाली तर तो काय साक्षीला येणार आहे?

आणि तुमचा वर केलेला हात. डावा असला तरी मागच्याला तो 'थांबा' वाटू शकतो. हॉर्न त्यासाठीही असेल.

आभार मानायचे तर डोकं हलवा. हेल्मेटसकट. लांबून दिसतं आणि हात जागेवर राहतो. घंटी असेल तर दोनदा वाजवा. आमच्यात एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चला. निघताना डबल बेल, सगळ्यांचं काम झालं.

आता विषय निघालाच आहे तर: घाटात रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं, हा नियम आहे, कुणाची मेहरबानी नाही. पसरणीच्या घाटात सायकलवाला पुढं चढत असला की मी सेकंड गिअरला मागं राहायचो, वळण रुंद झालं की मग काढायचो. कंडक्टर मागून ओरडायचा, "मास्तर, पाचगणीला नाश्ता गार झाला!" होऊ दे. चढावर सायकल सरळ रेषेत चालत नाही, ती दोन्हीकडं झोकांडते. तेवढी जागा तिला पाहिजेच. बाजूला ओढ्यासारखी वाहणारी गटारं आणि पलीकडं दरी, तिथं मी तिला घासून गेलो तर ती जाणार कुठं?

---

वाळव्याचा · ११ जानेवारी, रात्री ९:३०

ताई, आमच्या घरचे दोन ट्रॅक्टर ऊसवाहतुकीला आहेत. वडील चालवायचे, आता मी. तुम्ही ट्रॅक्टर जमेला धरता हे वाचून बरं वाटलं, पण कालचं तुमचं चुकलं. रागावू नका.

त्यानं जा म्हटलं नसणार. थांब म्हटलं असणार. मागची ट्रॉली शेपूट मारत असेल नाहीतर पुढं त्याला फाट्यावर वळायचं असेल.

हिशेबाच्या बाई आहात म्हणून हिशेबच देतो. भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर १८ नं चालतो. तुम्ही जोर लावला तर २२. फरक ताशी ४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.१ मीटर. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून १५-१६ मीटर लांब. म्हणजे नुसतं त्याच्या बाजूनं पार व्हायला १४-१५ सेकंद. तेवढा वेळ तुम्ही रस्त्याच्या उजव्या अंगाला. समोरून ६० नं येणारी गाडी तेवढ्यात २५० मीटर येते. काल धुक्यात तुम्हाला किती दिसत होतं? पन्नास मीटर? दुधाचा टेम्पो तुम्ही निघालात तेव्हा नव्हताच, तो मधल्या मध्ये आला.

बाकी आमच्या बाजूच्या गोष्टी सांगतो, कुणी सांगत नाही म्हणून. ऊस भरला की ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. आरसा असला तरी आरशात ऊसच. टेप नसला तरी इंजिनच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येणार नाही, ती वाजवण्यात दम घालवू नका, दिवा लावा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. मागच्या पंधरा-वीस टनांना ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर थांबवायचं असतं, म्हणून आम्ही थांबत नाही असं नाही, थांबता येत नाही. आणि डाव्या बाजूनं कच्च्या पट्टीवरून कधीच घुसू नका. बाहेर आलेलं कांडं बरोबर तोंडाच्या उंचीला असतं.

आभारांचं म्हणाल तर आम्हाला एकच आभार पुरे. पुढं गेल्यावर लगेच हळू करू नका. निघून जा. हात वर करून, वेग कमी करून मागं बघितलंत की आमच्या पोटात गोळा येतो.

---

मिरजकर स्कूटर · सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ८:२०

सगळे सायकलवाल्यांचे लाड चाललेत, म्हणून दुसरी बाजू लिहितो. सांगली-मिरज रस्त्यावर रविवारी सकाळी तुमचे ग्रुप तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत चालतात. हॉर्न वाजवला तर आपणच गुन्हेगार. पुढचा पांढरा दिवा लुकलुकता आणि थेट डोळ्यांत. फिरायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

मागच्या महिन्यात बघितलेली गोष्ट. एक काठीवाले आजोबा रस्त्याच्या कडेनं चालले होते. मागून टाईट कपड्यातला एक जण ओरडला, "ऑन युवर राइट!" आजोबांना त्यातलं फक्त 'राइट' कळलं. ते राइटला सरकले. दोघं गटारापर्यंत गेले. सायकलवाला वर आजोबांनाच म्हणतो, सांगितलं होतं ना. चहा मात्र आजोबांनी पाजला.

---

हळदीचा हिशेब (सांगली) · १२ जानेवारी, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. (इथं हात सोडावा लागत नाही.)

मिरजकर, तुमच्या आजोबांवर मी दुकानात एकटीच हसले, सौदे चालू असताना, शेठजींनी चष्म्यावरून बघितलं. बाकी तुमचं सगळं मान्य. लुकलुकता दिवा मी आजच जमिनीकडं वाकवला. चालणाऱ्यांच्या बाबतीत माझं असं आहे की 'डावीकडून, उजवीकडून' काही म्हणायचंच नाही. दिशा सांगितली की माणूस त्या दिशेलाच सरकतो, मराठीत सांगा नाहीतर इंग्रजीत. मी दहा पावलं आधी "काका, येतेय हं" म्हणते. आवाज बाईचा आणि ओळखीचा वाटला की माणूस दचकत नाही, वळून बघतो, आणि वळून बघितलं की आपोआप थांबतो. हरिपूर रस्त्याला एक काका आता माझ्या आधीच "या हं" म्हणतात.

वाळव्याचे दादा, रागावले नाही. १४ सेकंदांचा हिशेब कागदावर मांडून बघितला. बरोबर आहे. मला वाटत होतं तीन-चार सेकंद. २१ वर्षांत एवढी चूक वहीत झाली असती तर नोकरी गेली असती.

डबल बेल, तळहात दिसला नाही. अंधार होता आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं, म्हणून मला तो 'जा' दिसला.

नोंद जमेतून काढून अनामत खात्यात टाकलीय. त्या ट्रॉलीच्या मागं निळा ताडपत्रीचा तुकडा बांधला होता, तेवढी खूण लक्षात आहे.

---

कासचा रविवार (सातारा) · १२ जानेवारी, १०:४०

अंगठा बंद. आजपासून मान.

---

हळदीचा हिशेब (सांगली) · रविवार, १८ जानेवारी, दुपारी १२:३०

ट्रॅक्टर सापडला.

आज सुट्टी म्हणून उशिरा निघाले होते. डिग्रजच्या अलीकडं चहाची टपरी आहे, तिथं कारखान्यावरून रिकामे परत येणारे ट्रॅक्टर थांबतात. निळी ताडपत्री दिसली. ड्रायव्हर पस्तिशीचा, बीडकडचा, डोक्याला मफलर, बशीत चहा ओतून पीत होता. रात्रभर वजनकाट्यावर नंबर लागला नव्हता म्हणे, पहाटे चारला गाडी खाली झाली. झोपेला आलेल्या माणसाला काय विचारायचं म्हणून मी आधी गप्पच होते. मग तोच म्हणाला, "तुम्हीच का वो ताई, त्या लाल दिव्यावाल्या?"

म्हटलं, मीच. त्या दिवशी तुम्ही हात हलवला तो जा म्हणून की थांब म्हणून?

तो बघतच राहिला. "तुम्हाला कुठं हलवला? तुम्ही मागं हाव हेच मला ठाव नव्हतं."

झालं होतं असं. वाटेत मोळ्या सरकल्या होत्या, म्हणून त्यानं भाच्याला पुढच्या ट्रॉलीवर उसावर बसवलं होतं, नजर ठेवायला. मिसरूड फुटायच्या वयाचं पोरगं. पुढं झाडाची फांदी रस्त्यावर आलीय ती धुक्यात एकदम समोर आली. टेप चालू, हाक ऐकू जाईना, म्हणून हात बाहेर काढून मागं खूण करत होता: मान खाली घे, मान खाली घे. पोरानं घेतली. त्याच वेळी मी बाजूनं पुढं आले.

"आन् मंग तुम्ही एकदम म्होरं येऊन हात वर केला. मला वाटलं, पोरगं पडलं वरून, तुम्ही गाडी थांबवा म्हनताव. गाडी काय अशी थांबती का? हॉर्न दाबला, तुम्ही बाजूला व्हावं म्हणून. पुढं दोनशे पावलांवर थांबवली, मागं पळत गेलो, तर ह्यो वर बसून ऊस खातोय."

'ह्यो' शेजारीच बसला होता. लाजून हसला.

मी काय बोलणार? चहाचे पैसे मी देते म्हटलं तर त्यानं टपरीवाल्याला आधीच दोन बोटं दाखवली होती. बराच वेळ तो माझ्या सायकलच्या मागच्या दिव्याकडं बघत होता. ट्रॉलीला हंगामाच्या सुरुवातीला लाल-पिवळी पट्टी लावून मिळाली होती, पण ती चिखलानं अशी माखलीय की असून नसल्यासारखी. "असला दिवा केवढ्याला मिळतो?" म्हणाला. पिशवीत मुलाचा जुना एक होता, चापाचा, तो दिला. भाच्यानं लगेच मागच्या ट्रॉलीच्या फळीला सुतळीनं बांधला आणि चालू-बंद, चालू-बंद करत बसला. मामा ओरडला तेव्हा थांबला.

निघताना मी मान हलवली. त्यानं अंगठा दाखवला, कासचा रविवार, तुमची आठवण झाली.

आता एक अडचण आहे. त्या दिव्यात गोल चपटे सेल लागतात, २०३२ नंबरचे, दोन. रात्रभर लुकलुकत ठेवला तर हंगाम संपेपर्यंत पुरायचे नाहीत, आणि त्याच्या टोळीत अजून सहा ट्रॉल्या आहेत. आमच्या इथला घड्याळवाला सुटे महाग देतो. सांगलीत किंवा मिरजेत हे घाऊक कुठं मिळतात, कुणाला ठाऊक आहे का?

---

मिरजकर स्कूटर · १८ जानेवारी, १:१०

माझ्या मेव्हण्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे मिरजेत. किती पाहिजेत सांगा. आणि परत येताना रस्त्यावर तिघी-तिघी चालू नका.